पाटीवर सहा, शिळेवर सात

चावडी पाडून तिथं ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधायचं ठरलं. भिंतीतल्या पाटीचं काय करायचं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं ते आमच्या नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जेसीबी यायच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "सूनबाई, ती पाटी आधी उतरवून घ्या. मग काय पाडायचं ते पाडा."

गावात तिला सगळे 'इंग्रजांची पाटी' म्हणतात. दर १५ ऑगस्टच्या आधी चावडीला रंग लागायचा, तसा पाटीलाही लागायचा. वर्षानुवर्षांच्या रंगाने अक्षरं पार बुजून गेली होती. मी लग्न होऊन या गावात आले त्याला २२ वर्षं झाली. इथल्याच शाळेत शिकवते, रोज त्या भिंतीवरून जाते. ती पाटी मी एकदाही वाचली नव्हती. हे लिहिताना अजून टोचतं.

सकाळी गवंड्याने छिन्नीने कडेचा चुना थोडा थोडा काढत पाटी मोकळी केली. एका कोपऱ्याला जुनी चीर होती, म्हणून गोधडीत गुंडाळून चौघांनी ती शाळेच्या व्हरांड्यात आणली. रंग काढायला कुणी ॲसिड सुचवलं, कुणी तारेचा ब्रश. मी दोन्हीला हात लावू दिला नाही. ॲसिड संगमरवर खाऊन टाकतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. साधं पाणी, मऊ ब्रश आणि टोक काढलेली बांबूची काडी एवढ्यावर आम्ही चार दिवस बसलो. सातवीच्या दोन मुली शाळा सुटल्यावर थांबायच्या. रंगाचे पापुद्रे निघाले तरी अक्षरं झिजलेली होती, दिवसा लागत नव्हती. रात्री दिवे बंद करून नानांनी पाटीच्या बाजूने, अगदी आडवी टॉर्च धरली आणि खाचांत सावल्या भरल्या. तेव्हा वाचता आलं.

इंग्रजीत दोनच वाक्यं होती. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ३१ माणसं गेली. त्यांपैकी सहा जणांनी आपले प्राण दिले. गावाचं नाव होतं, वर्षं होती, आकडे होते. एकाही माणसाचं नाव नव्हतं.

अशा पाट्या आमच्या सातारा जिल्ह्यात आणि कोकणात गावोगाव आहेत. ज्या गावांतून भरती झाली तिथं सरकारने त्या बसवल्या. मजकूर जवळपास एकच, गाव आणि आकडा तेवढा बदलतो. अपशिंगे मिलिटरी हे आमच्या जिल्ह्यातलं गाव त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आमचा आकडा सहा. सहा माणसं म्हणजे सहा घरं, आणि ती घरं कुठली हे शंभर वर्षांनी मला कुणी धड सांगू शकत नव्हतं.

आमच्या भैरोबाच्या देवळाबाहेर दोन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करत बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात. वीर कोण होता ते कुणाला ठाऊक नाही, दगडावर अक्षरच नाही. लहानपणापासून वीरगळ बघत आल्यामुळे मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. पाटी वाचल्यापासून खटकायला लागलं. मी नानांना म्हटलं, सहा नावं शोधायची आणि या पाटीशेजारी दगडावर कोरायची. ते म्हणाले, "कोरायची असतील तर खरी कोरायची. अंदाजाने नाही."

सुरुवात इंटरनेटवरून केली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद आहे. भारतीय शिपायाच्या नोंदीत बऱ्याचदा नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा' एवढं सापडतं. अडचण असते ती स्पेलिंगची. त्या वेळच्या कारकुनाने जसं कानावर पडलं तसं लिहिलं. शिंदे, जाधव, मोहिते ही आडनावं किती तऱ्हांनी लिहिली जाऊ शकतात याचा मी एक तक्ताच केला. आमच्या गावाच्या नावाची पाच रूपं सापडली. आडनाव सोडून देऊन नुसतं गावाचं नाव उलटसुलट टाकत गेले, तेव्हा दीड महिन्यात चार नोंदी हाती लागल्या.

त्यातल्या तिघांचं स्मारक म्हणून एकच ठिकाण होतं, इराकमधलं बसरा स्मारक. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. १९२९ साली मकीलच्या नौदल गोदीत उभारलेलं, पुढे १९९७ साली इराकच्या अध्यक्षांच्या आदेशाने नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन पुन्हा उभं केलेलं. मला वाटलं, निदान तिथल्या भिंतीवर तरी आमच्या माणसांची नावं असतील. तिथंही नाहीत. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली नुसती संख्या. नावं वेगळ्या नोंदवहीत. मरणानंतर हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद करायचा नाही हे या कमिशनचं मूळ तत्त्व. ते सगळीकडे पाळलं गेलं नाही, हे कमिशनने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. माफी वाचून बरं वाटलं, पण आमच्या चावडीवरची पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच हिशेबाने लिहिली गेली होती हे मनातून जाईना.

मग घरोघर जायला लागले. इथं मला खरं काय ते कळत गेलं.

वरच्या आळीत एक आजी आहेत, नव्वदीच्या आसपासच्या. त्यांच्या देवघरात पितळेसारखी दिसणारी एक गोल तबकडी आहे हे नानांना माहीत होतं. "आगं, ती आमची देवी हाय," आजी म्हणाल्या. "सासूच्या आधीपास्नं. सिंव्हावरची भवानी." खंडोबा, भवानीच्या टाकांशेजारी ती उभी ठेवलेली, हळद-कुंकवाने माखलेली. आजींनी ती माझ्या तळहातावर दिली. चांगलीच जड, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, तिच्यापुढे सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं. ती ब्रिटानिया होती, ब्रिटनचं प्रतीक मानलेली स्त्री. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने असं ब्राँझचं स्मृतिपदक पाठवलं. कडेच्या अक्षरांचा अर्थ, 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला.' बाईच्या पुढे केलेल्या हातात पानांचं कडं आहे, आणि त्या कड्याच्या खाली एका चौकटीत मृताचं नाव उठावाच्या अक्षरांत. हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, कारण मरण सगळ्यांचं सारखं मानलेलं.

आजींच्या पदकावरची ती चौकट जवळजवळ सपाट झाली होती. दर अमावास्येला आणि सणाला तबकडी चिंचेने घासायची, ही त्या घरची शंभर वर्षांची रीत. देवीचं तोंड आणि माणसाचं नाव दोन्ही घासून गेलेलं. मी पातळ कागद वर धरला आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवली. आधी काही उमटेना. तिसऱ्या कागदावर पहिलं अक्षर आलं, मग मधली दोन, मग शेवटची जोडी. माझ्या यादीतल्या चौथ्या नोंदीशी ते जुळलं. आजींना म्हटलं, "हे तुमच्या आजेसासऱ्यांच्या भावाचं नाव आहे." त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. "म्हंजी देवी न्हवं व्हय ती?" मी म्हटलं, "देवीच आहे. तिच्या हाताखाली तुमचा माणूस आहे." मला दुसरं काही सुचलं नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई सांगायच्या की तो काळी पाचवी पलटणीत होता. नोंदीत १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री लिहिलं होतं. काळी पाचवी म्हणजे तीच, असं नाना लगेच म्हणाले; आजही दुसऱ्या मराठा बटालियनला त्याच नावाने ओळखतात. वाचता न येणाऱ्या तीन पिढ्यांनी पलटणीचं नाव बिनचूक पोचवलं होतं.

पाचवा माणूस माझ्या चुकीमुळे उशिरा सापडला. मी चौकशी केली ती चावडीवर, पारावर, देवळात. तिथं जे बसतात त्यांनीच उत्तरं दिली. बौद्धवाडीत मी गेलेच नव्हते. एके रात्री पुन्हा नोंदी चाळताना १११व्या महार पलटणीतली एक नोंद दिसली, गावाचं नाव आमचंच, फक्त मी न धरलेल्या सहाव्या स्पेलिंगने. १९१७ साली उभी केलेली ही पलटण युद्धानंतर मोडली गेली. दुसऱ्या दिवशी वाडीत गेले तर त्या घरच्या काकांनी नाव, बापाचं नाव, सगळं न अडखळता सांगितलं. "आमाला कुनी इचारलं न्हाई, मॅडम," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे वस्तू अशी एकही नव्हती. नाव होतं.

सहावा मात्र आजतागायत कागदावर सापडलेला नाही. दोन घरं सांगतात, आमचा. एका घरातली गोष्ट अशी, की पणजोबांचा भाऊ बसऱ्याला गेला, एकदा मनीऑर्डर आली, मग काही नाही. दुसऱ्या घरात चांदीचं पदक होतं. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या काठावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते हातात आलं असतं तर प्रश्नच मिटला असता. ते ७२ च्या दुष्काळात मोडलं. घरातल्या काकूंनी हे सांगताना मान खाली घातली. मी त्यांना म्हटलं, पोरं जगवायला मोडलं, त्यात लाज कसली.

शोधता शोधता आम्ही पहिल्या महायुद्धापाशी थांबलो नाही. दुसऱ्या महायुद्धात गावचा एक जण इटलीत गेला. त्याच इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, माणगावला त्यांचा पुतळा आहे. आमच्या गावच्या शिपायाची फक्त तारीख मिळाली. १९७१ च्या लढाईतल्या जवानाच्या घरी तार आहे, चार घड्यांची, घड्यांवर फाटलेली. तेव्हा देह घरी येत नसे. अंत्यसंस्कार तिकडेच होत, घरी तार यायची आणि मागाहून सामान.

कारगिलच्या वेळी देह घरी आला. ती १९९९ ची सकाळ गावातल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवते. त्या जवानाची आई आजही गावात आहे. तिच्या खोलीत काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव, त्यानेच रंगवलेलं. आत पलटणीने पाठवलेली सामानाची टाईप केलेली यादी: टॉर्च एक, शिवणाची पिशवी एक, पत्रं सात, बूट-पॉलिशची डबी एक, अर्धी. 'अर्धी' हा शब्द ज्याने कुणी लिहिला त्याने माझं मन हलवलं. आणि सगळ्यात वर, जुन्या पातळाच्या तुकड्यात, तिरंगा.

शवपेटीवर ध्वज घालताना केशरी बाजू डोक्याकडे असते. तो चितेवर जळू द्यायचा नाही, असा ध्वजसंहितेचा नियम आहे, म्हणून अग्नी देण्याआधी जवान तो उचलतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा अशा रीतीने की वर चक्र आणि दोन्ही रंगांची थोडी थोडी कड दिसेल. त्या आईने, आमच्या मावशींनी, ती घडी तेव्हापासून उलगडली नव्हती. "घडी त्येंनी घातल्याली हाय. आपन कशाला मोडायची." पण कापड घडीवरच विरायला लागलं होतं, एका कडेला पिवळी रेघ आली होती, आणि डांबराच्या गोळ्या कापडाला थेट टेकत होत्या. मी भीतभीत सांगितलं, की घडी तशीच ठेवली तर ध्वज तिथंच फाटेल. त्या काही बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी त्यांनी नानांना निरोप पाठवला. नाना आणि गावातले दुसरे एक माजी सैनिक, दोघं इस्त्रीचे कपडे आणि मेडल्स घालून गेले. दोघांनी दोन टोकं धरली, जमिनीला लागू न देता ध्वज उलगडला. खोली लहान, तो पुरता मावेना, तेव्हा नाना उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. मावशी पुढे झाल्या आणि मधल्या चक्रावर हात ठेवून उभ्या राहिल्या. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग दोघांनी पुन्हा घडी घातली, त्याच पद्धतीने, पण चिरा पडलेल्या जागेपासून बोटभर सरकवून. आता तो धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात आहे, गोळ्या ट्रंकेच्या कोपऱ्यात वेगळ्या पुरचुंडीत.

गावातल्या तरुण मंडळाचं म्हणणं होतं, की हे सगळं, ध्वज, पदक, तार, काचेच्या कपाटात ठेवून स्मारकाची एक खोली करू. त्यांचा हेतू चांगला होता. मी विरोध केला, आणि आजही करीन. ध्वज त्या आईला दिलेला आहे. पदक देवघरात आहे म्हणूनच शंभर वर्षं टिकलं. गावाने वस्तू मागू नयेत, गावाने नावं ठेवावीत. त्या वस्तूंचे फोटो आणि पेन्सिलचे ठसे शाळेत एका वहीत लावले आहेत, तेवढं पुरे.

ग्रामसभेत तीन तास गेले. पहिला वाद शब्दाचा. शहीद, हुतात्मा की वीरगती? नानांनी सांगितलं की सैन्यदलं 'शहीद' हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, सरकारने संसदेतही तसं सांगितलं आहे. दुसरा वाद जास्त कडक. एका मुलाने उभं राहून विचारलं, १९१४ वाले इंग्रजांसाठी लढले, त्यांची नावं कारगिलच्या जवानाशेजारी कशी? त्याचा प्रश्न मला पटत होता. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही स्वातंत्र्यानंतरचीच नावं आहेत. तेव्हा बौद्धवाडीतले काका म्हणाले, "गेलं तवा ह्याच गावची येस वलांडून गेलं. दुसरीकडं कुठं लिवनार त्येंचं नाव?" त्यावर कुणी बोललं नाही. तिसरा प्रश्न, नोंदीतला एक जण बसऱ्याच्या इस्पितळात आजाराने गेला, तो धरायचा का? मेसोपोटेमियात उष्मा, पटकी, स्कर्व्ही यांनी किती माणसं नेली हे मी सांगू लागले, पण नानांनीच तोडलं: "ड्युटीवर गेला का नाही? मग झालं."

शेवटी शिळेवर घालायचं वाक्य ठरलं ते असं: 'या गावातून सैन्यात गेले आणि परत आले नाहीत.' खाली नावं, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. हुद्दा नाही. सहाव्या जागेसाठी दोन्ही घरांची नावं घ्यायची, असा ठराव एकमताने झाला; तारीख माहीत नाही म्हणून ती पहिल्या महायुद्धाच्या गटात शेवटी. नानांची 'अंदाजाने नाही' ही अट मला आठवली, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात वर केलेला होता.

काळा ग्रॅनाइट घेतला. पाथरवट म्हणाला, सोनेरी रंग भरू नका, दोन-तीन पावसाळ्यांत उडतो. खोल कोरून देतो, सावलीवर वाचता येईल. कोरण्याआधी नावांचा कागद घेऊन मी प्रत्येक घरी दोनदा गेले. कागदावर जे नाव होतं ते नव्हे, घरात ज्या नावाने हाक मारत ते कोरलं.

७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, शिळा बसवली. १९४९ पासून हा दिवस पाळतात. मेसोपोटेमियात तुर्कांनी घातलेला कुतचा वेढा १९१५ साली याच तारखेला सुरू झाला आणि त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, हे मला दिवस ठरवल्यावर समजलं. संगमरवरी पाटी डावीकडे, ग्रॅनाइट उजवीकडे. सातवीच्या त्याच दोन मुलींनी नावं वाचली. नाव आलं की त्या घरचं माणूस पुढे होऊन फूल ठेवत होतं. वाडीतल्या काकांबरोबर त्यांची चार नातवंडं आली होती, सगळ्यात लहानाने फूल शिळेवर ठेवायच्या ऐवजी अक्षरांच्या खाचेत खोचलं.

वरच्या आळीच्या आजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्या आता तबकडी कोरड्या फडक्याने पुसतात, चिंच लावत नाहीत. ज्यांचं पदक मोडलं त्या काकू शेवटी आल्या. कुंकू लावू नका, डाग धरतो, असं मी सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. काकूंनी आपल्या माणसाचं नाव मला दोनदा दाखवायला लावलं, बोट ओलं केलं आणि प्रत्येक अक्षरात कुंकू भरलं. मग थोडं थांबून शेजारच्या नावातही भरलं, ज्या घराचा सहाव्या जागेवर त्यांच्याइतकाच हक्क होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणि मऊ ब्रश घेऊन गेले. फुलं काढली, शिळा धुतली. ती दोन नावं तेवढी धुतली नाहीत.